धरलेला कागद

हेमांगी चोगलेने नोकरीत एकच नियम मोडला होता, आणि तो नेमका तिनेच इतरांना शिकवलेला. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मग आश्विनातल्या एका मंगळवारी, सकाळी दहा चाळीसला, खारवणे बंदराच्या नियंत्रण कक्षात बसून ती डब्यातली घावनं खात होती आणि तिची नजर सहज पडद्याच्या कोपऱ्यात गेली. मशीनची मेमरी किती टक्के भरली, तो आकडा तिथे असतो. रोज या वेळी तो पंधराच्या आसपास लोळत पडलेला असे. आज एकाहत्तर होता. बघता बघता बहात्तर झाला.

हातातलं घावन तिने परत डब्यात ठेवलं आणि डबा लावून टाकला.

खारवण्याची खाडी पूर्वी शहाण्यासारखी वागायची, असं म्हातारे सांगतात. मग समुद्र वर चढला, खाडीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा आला, आणि तो आज इथे तर उद्या तिथे सरकू लागला. बोटींना आत यायला उरली वीस-बावीस मीटरची वाट, तीही रोज जागा बदलणारी. नुसत्या डोळ्यांवर विसंबून सुकाणू धरायचे दिवस गेले. म्हणून मच्छीमार सोसायटीने सागरपट आणला. समुद्रात तरंगणारी दोनशे यंत्रं खोली, प्रवाह आणि लाटा मोजायची, प्रत्येक बोट आपला ठावठिकाणा कळवायची, आणि या सगळ्याचा मिळून किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये एक नकाशा तयार व्हायचा, सेकंदाला चार वेळा नवाकोरा. त्याच मशीनमध्ये तीनशे सतरा बोटींचे तीनशे सतरा धागे एकाच वेळी चालत. धागा म्हणजे एका बोटीपुरता राबणारा प्रोग्रॅमचा तुकडा. नकाशा वाचायचा आणि आपल्या बोटीच्या सुकाणूला नि इंजिनाला रेडिओवरून सांगत राहायचं की डावीकडे घे, आता सावकाश, आता थांब.

प्रश्न एवढाच होता की तीनशे सतरा जण जो कागद, म्हणजे तो नकाशा, वाचताहेत, तो बदलायचा कसा.

पहिला सागरपट बाहेरच्या कुठल्याशा कंपनीने केला होता आणि तो कुलूप लावायचा. म्हणजे सोसायटीच्या फळ्यावर भाव लिहिलेत, चारशे माणसं वाचताहेत, आणि चिटणीस ओरडतोय, सगळे बाजूला व्हा, मला फळा पुसायचाय. सगळे बाजूला होईपर्यंत चिटणीस ताटकळत उभा, आणि तो लिहीत असेपर्यंत सगळे ताटकळत उभे. जमिनीवर हे चालून जातं. खाडीच्या मुखात मात्र अर्धा सेकंद ताटकळलेलं सुकाणू म्हणजे वाळूत रुतलेली बोट. दोन बोटी एकमेकींवर आपटल्या, तेव्हा सोसायटीने त्या कंपनीला हात जोडले आणि आपल्याच बंदराची, पुण्याला शिकून आलेली हरी तांडेलाची मुलगी, हेमांगी, कामाला घेतली.

हेमांगीने कुलूपच काढून टाकलं. त्यासाठी जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात ती एक जुनी, मुरलेली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, होती. वाचा, प्रत करा, बदला, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. (बंदरावर बरेच दिवस लोकांची समजूत होती की चोगल्यांची पोर वाचनालय काढतेय.) चिटणिसाने फळ्याला हातच लावायचा नाही. आपल्या टेबलावर जुन्या कागदाची प्रत करायची, त्यात काय ते बदलायचं, आणि एका झटक्यात नवा कागद पुढे ठेवायचा. जे जुना वाचताहेत त्यांना वाचू द्यायचं, नवे येतील ते नवा वाचतील. कुणी कुणासाठी थांबत नाही. फक्त जुना कागद लगेच फेकायचा नाही. तो वाचणारा शेवटचा माणूस मान वर करेपर्यंत दम धरायचा, मग फेकायचा.

आता यात एक मेख आहे. कोण कोणता कागद वाचतोय याची नोंद ही लायब्ररी ठेवतच नाही. नोंद ठेवायची तर प्रत्येक वाचकाला रांग लावून सही करावी लागेल, आणि सगळा वेग त्यातच जाईल. तिला एवढंच कळतं की अमक्याने मान खाली घातली आणि अजून वर केलेली नाही. एकाने जरी मान खाली ठेवली, तर त्या क्षणापासून पुढचे सगळे बाद झालेले कागद तसेच साठत राहतात. म्हणून वाचकाला एकच नियम असतो. वाचा, मान वर करा, चालू लागा. कागद हातात धरून बसायचं नाही. हेमांगी नव्या मुलांना हा नियम पहिल्याच दिवशी घोकून घ्यायला लावायची.

आणि तिने तो मोडला होता तिच्या बापासाठी.

हरिश्चंद्र चोगले, "रत्नमाला" बोटीचे तांडेल म्हणजे कप्तान आणि म्हणून बंदरावर हरी तांडेल, यांनी सागरपटाला सगळ्यांत शेवटपर्यंत नाही म्हटलं होतं. जाळं टाकण्याआधी ते किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायचे, दीपगृहाचा मनोरा आणि टेकडीवरचं एकटं ताडाचं झाड, आणि जाळं वर येईपर्यंत त्या खुणा सोडायचे नाहीत. धरलेली खूण सोडायची नाही, हे त्यांना त्यांच्या बापाने शिकवलेलं. सोसायटीच्या सभेत तीनशे सोळा सह्या झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, जाळं ओढत असताना माझ्या डोळ्यांसमोरचा कागद हलता नये, हे कबूल असेल तर सही करतो. मंचावर बसलेल्या हेमांगीने कबूल म्हटलं. मग त्यांनी भरसभेत सांगितलं की सही सोसायटीला नाही, पोरीच्या शब्दाला आहे.

त्या आठवड्यात हेमांगीने "रत्नमाला"च्या केबिनमध्ये एक काळं बटण बसवलं. दाबलं की त्या बोटीचा धागा हातातला कागद धरून ठेवायचा, पुन्हा दाबलं की सोडायचा. जाळं ओढायला चाळीस मिनिटं लागतात, तेवढ्यात मेमरी काही ओसंडत नाही, असा तिने हिशेब केला. हिशेब बरोबर होता. पण आपण तो कुणाला का सांगितला नाही, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

आज "रत्नमाला"ने सकाळी साडेसहाला कागद धरला होता आणि सव्वाचार तास झाले तरी सोडला नव्हता.

तिने भराभर आकडेमोड केली. बोटी परतायला लागल्या होत्या, आणि मुखाशी गर्दी झाली की नकाशा दाट होतो, कागद जाड होतात. पावणेबाराच्या सुमाराला मेमरी भरणार होती. मग मशीन बसणार आणि पुन्हा उभं राहायला बारा मिनिटं घेणार. बरोबर त्याच वेळी ओहोटी, वाट सगळ्यांत अरुंद, आणि तिच्यात एकामागोमाग एक बोटी. बारा मिनिटं आंधळ्या. निम्म्याहून अधिक तांडेल आता तिशीच्या आतले होते. सागरपट नसताना आत कसं यायचं हे ते कधी शिकलेच नव्हते, आणि त्यांना शिकायची गरज ठेवली नव्हती ती हेमांगीनेच.

तिने आधी आपल्यापुरतं निस्तरायचं बघितलं. नकाशा सेकंदाला चारऐवजी तीनदा बदलायला लावला. पंधराएक मिनिटं मिळाली. त्याहून कमी केलं तर मुखातला प्रवाह हातचा सुटला असता. दूरच्या समुद्राचा तपशील काढला, आणखी पाच मिनिटं. अकरा वाजून वीस मिनिटांनी आकडा अठ्ठ्याऐंशी झाला तेव्हा ती उठली आणि नझीरभाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

नझीर मुकादम नियंत्रण कक्षाचे प्रमुख. अर्धी हयात मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस, आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. तिने बटणापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सांगताना कान तापले होते आणि लाज वाटत होती, पण बरंही वाटत होतं. नझीरभाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की इथून सोडवता येतो का तो कागद.

येत नव्हता. वाचणाऱ्याच्या हातून कागद ओढून घेतला तर तो तिथे पुढे जे काही येईल तेच नकाशा समजून वाचत बसेल आणि सुकाणूला वाटेल ते सांगेल. धागाच मारून टाकता आला असता. पण मग "रत्नमाला"चं इंजिन थांबणार, बोट प्रवाहाबरोबर आपल्याच जाळ्यावर जाणार, ताणलेले दोर पंख्यात. आणि त्या दोरांवर नऊ माणसं.

"नऊ माणसं तिथे," नझीरभाई म्हणाले, "आणि तीनशे बोटी इथे. हेमांगी, हे मी तुझ्यावर सोडणार नाही. पंचाण्णव झाले की धागा मी मारीन. तोवर बापाशी बोल."

हेमांगीला हेच नको होतं. बंदराचं चॅनेल सगळ्या बोटी ऐकतात. भरसभेत दिलेला शब्द आता भरसमुद्रात परत मागायचा होता. तिने माईक ओढला आणि "रत्नमाला"ला हाक दिली. पहिल्या हाकेला नुसती खरखर आली. दुसऱ्या हाकेला बापाचा धापा टाकणारा आवाज.

"काय गो हेमा?"

जाळं तळाशी कशात तरी अडकलंय, विंच बंद पडलीय आणि पहाटेपासून सगळे हातानेच ओढताहेत, असं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तिने एक श्वास घेतला.

"बाबा, तू धरलेला कागद सोडायला हवा. तू धरून आहेस म्हणून मागचे कागद फेकता येत नाहीत. सगळ्या बोटींचे साठत चाललेत. थोड्या वेळात मशीन बंद पडेल." आणि मग, कारण सगळे ऐकतच होते, "शब्द मी दिला होता. मोडायला पण मीच सांगतेय."



"हात मोकला नाय," हरी तांडेल म्हणाले. "दोर आता सोडला तर पोरं जातील. बांधून घेतो नि मग दाबतो. थांबशील?"

"थांबते."

आकडा त्र्याण्णव होता. हेमांगी माईक हातात धरून बसली. वाचकाला घाई करायची नाही, तो त्याच्या सोयीने मान वर करेल, हे वाक्य तिने शंभर वेळा फळ्यावर लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचं काम थांबणं, हेही लिहिलं होतं. ते बापासाठी पाळावं लागेल हे मात्र कुठल्या पानावर छापलेलं नव्हतं. चौऱ्याण्णव झाले. नझीरभाईंनी खुर्ची पुढे घेतली आणि धागा मारायच्या कळेवर बोट ठेवलं. खिडकीतून मुखाकडची रांग दिसत होती, निळ्या-हिरव्या बोटी, एकीच्या शेपटीला दुसरी.

पंचाण्णव.

"भाई," ती म्हणाली, "तो बांधतो म्हणाला. बांधतोय."

नझीरभाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. बोट कळेवरच होतं, पण त्यांनी ते दाबलं नाही. शहाण्णव झाले, सत्त्याण्णव झाले. सत्त्याण्णवावर आकडा रेंगाळला आणि मग एकदम घसरला. एक्याऐंशी, चाळीस, बावीस. साडेसहापासून साठलेले बहात्तर हजारांवर कागद मशीनने तीन सेकंदांत फेकून दिले. आकडा सोळावर येऊन नेहमीसारखा लोळू लागला. मुखातल्या एकाही बोटीला काही कळलं नाही. रांग होती तशीच सरकत होती.

रेडिओवर हरी तांडेल म्हणाले, "झाला काय ता?"

"झालं, बाबा," ती म्हणाली आणि माईक ठेवून तिने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. नझीरभाई उठले, तिचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि चहा सांगायला गेले.

दुपारी तीनच्या सुमाराला "रत्नमाला" धक्क्याला लागली. जाळं अर्धंअधिक फाटलेलं, मासळी बेताची, आणि जाळ्यात गुंतून वर आलेला एक भलामोठा गंजका नांगर. कुणाच्या आज्याचा तो कुणालाच ठाऊक नव्हतं. लिलाव उरकेपर्यंत हेमांगी बर्फाच्या खोक्यावर बसून राहिली. मग हरी तांडेल पाय धुऊन आले आणि शेजारच्या खोक्यावर बसले. हाताच्या तळव्यांना दोराचे लाल वळ होते.

तिने माफी मागितली. बटण बसवायलाच नको होतं, तिथे नियम मोडला, आणि मोडल्यावर लपवला, असं तिने सांगून टाकलं. हरी तांडेल ऐकत होते, पण त्यांचं लक्ष पहिल्याच वाक्यात अडकून बसलं होतं.

"म्हंजे त्या बटणानं खराच कागद थांबायचा?"

"तूच मागितलं होतंस ना, बाबा. सगळ्यांसमोर."

"मागितलं व्हतं." ते थोडे ओशाळले. "पन जाळं ओढताना कागद बघतो कोन? मी मनोरा बघतो नि ताड बघतो. वर्षभर नाय नाय बोललो सगल्यांना. मग अशीच कशी सही करू? कायतरी अट घालायला हवी व्हती."

हेमांगीला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा ते कळेना. ज्या अटीपायी तिने दोन वर्षं मनात चोरटेपणा वागवला, तीनशे बोटी पणाला लावल्या, ती अट म्हणजे म्हाताऱ्याने अब्रू राखायला पुढे केलेली काठी होती. मग रोज न चुकता दाबायचास कशाला, असं तिने विचारलं.

हरी तांडेलांनी वळ उठलेला तळवा चोळला. मासळीवर टपलेल्या बगळ्यांकडे बघत ते म्हणाले, "तुला कलावं म्हनून. दाबलं की तुज्या तिथं दिसत आसंल, बाबानं जाळं धरलं. पुन्ना दाबलं की दिसत आसंल, वर आलं, आता येतो. तुजी आई व्हती तवा ती गच्चीवरनं बघायची."

नियंत्रण कक्षात असलं काही दिसत नव्हतं. बटणाने धागा कागद धरायचा, बस्स. दोन वर्षं हा माणूस रोज पहाटे आपल्याला निरोप देत होता आणि निरोप मेमरीच्या एका कोपऱ्यात जाऊन पडत होता. खोटं बोलणं सोपं होतं. पण आजच्या दिवसात तिला आणखी काही लपवायचं नव्हतं.

"दिसायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "कधीच दिसलं नाही."

"दोन वरसं?"

तिने मान डोलावली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. हरी तांडेलांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं, लहानपणी ताप आला की थोपटायचे तसं, आणि खोक्यावरून उठता उठता म्हणाले की उद्या येऊन ते बटण काढून नेणार असशील तर नेऊ नकोस.

"मग काय करू त्याचं?"

"कागदाला जोडू नको. पन आता दिसू दे."

शनिवारी सोसायटीची बैठक झाली. हेमांगीने झाला प्रकार स्वतः उभं राहून सांगितला, नियम कुणी मोडला तेही सांगितलं. तिला लेखी ताकीद मिळाली. चिटणिसांनी आणखी एक ठराव घातला की पावसाळ्याच्या बंदीत हरी तांडेलांनी तरुण तांडेलांना किनाऱ्यावरच्या खुणा शिकवाव्यात, आणि हरी तांडेलांनी अटीशिवाय तो मान्य केला, याचंच लोकांना जास्त नवल वाटलं. ताकिदीचा कागद हेमांगीने नव्या मुलांच्या वर्गात, नियमाच्या बरोबर खाली, भिंतीला लावून टाकला.

सोमवारी पहाटे ती लवकर आली. काळ्या बटणाची तार तिने आदल्या दिवशी बोटीवर जाऊन नकाशाच्या धाग्यापासून सोडवली होती. आता ते बटण कुठलाच कागद धरत नव्हतं. त्याचं टोक तिने आपल्या पडद्यावर, मेमरीच्या आकड्याशेजारी, एका पिवळ्या ठिपक्याला जोडलं होतं. नझीरभाईंनी तो विझलेला ठिपका बघितला आणि हे काय नवीन म्हणून विचारलं. कळेल, एवढंच ती म्हणाली.

सहा बावन्नला ठिपका लागला. मेमरीचा आकडा पंधरावरच होता, जागचा हलला नाही. मग ठिपका विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला, पुन्हा लागला. एवढ्यात काही जाळं वर येत नाही. म्हातारा खात्री करून घेत होता.

हेमांगीने माईक जवळ ओढला.

"दिसलं, बाबा," ती म्हणाली.

समुद्रावरच्या सगळ्या बोटींनी ते ऐकलं. त्यानंतर ठिपका चाळीस मिनिटं न हलता लागून राहिला, आणि त्याच्या उजेडात तिने डबा उघडून घावनं शेवटपर्यंत खाल्ली.